आंबापोळीतला स्टार्च

साखर आणि स्टार्च पाण्यात एकत्र कालवून माझ्या काचेच्या नळीत वरून सोडले, तर खालून आधी कोण बाहेर येईल? बाजारात, एसटी स्टँडावर, सासुरवाडीला, जिथे जिथे मी हा प्रश्न विचारला तिथे एकच उत्तर मिळालं. साखर. कारण साखर बारीक, आणि बारीक माणूस गर्दीतून आधी सटकतो. चूक. आधी स्टार्च येतो. एम.एस्सी.ची पोरंसुद्धा पहिल्या दिवशी इथेच आपटतात. मी सातवी नापास, पण अठ्ठावीस वर्षांत या प्रश्नावर कधी आपटलो नाही. तेव्हा हे लिहायचा मला अधिकार आहे असं मी धरून चालतो.

आमची प्रयोगशाळा रत्नागिरीत सड्यावर, म्हणजे गावावरच्या जांभ्याच्या माळावर. फळांची आणि फळांच्या पदार्थांची तपासणी तिथे व्हायची. कागदावर माझं पद परिचर. म्हणजे काच धुवा, टेबल पुसा, साहेबांना चहा आणा. पण कॉलम, म्हणजे ती काचेची नळी, भरायचं काम माझ्याशिवाय कोणाला जमत नसे, हे वरपासून खालपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्यांनी भरलेल्या कॉलममध्ये बुडबुडे राहत, तडे जात. एकदा मी न विचारता भरला. आमच्या तेव्हाच्या सरांनी बघितला, आणि दुसऱ्या दिवशी दुसरी नळी माझ्यापुढे ठेवली. तेव्हापासून ते काम माझं.

आता मोठा आधी का येतो ते सांगतो. आपला जांभा दगड डोळ्यापुढे आणा. त्याला भोकंच भोकं. समजा, जांभ्याच्या चिऱ्यांच्या ढिगातून मुंग्या आणि उंदीर एकाच वेळी सोडले. उंदीर काही त्या भोकात मावत नाही. तो आपला दोन चिऱ्यांच्या फटीतून सरळ पलीकडे. मुंगी प्रत्येक भोकात शिरणार, आत फिरणार, बाहेर येणार, पुढच्या भोकात शिरणार. ती संध्याकाळी पोचणार. माझ्या नळीत जेलचे बारीक मणी असतात आणि प्रत्येक मणी म्हणजे एक जांभा. स्टार्च हा उंदीर, साखर ही मुंगी. सरांच्या जागी आलेल्या मॅडमनी हे ऐकलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "काका, हेच मी इंग्रजीत चार पानं लिहिलंय." मी म्हटलं, "चार पानं लागली कारण तुमच्या घाटावर जांभा नाही." मॅडम कराडकडच्या.

जेल म्हणजे पांढरी पूड, केशराच्या भावाची. पाण्यात टाकली की सब्जासारखी फुगते. गरम पाण्याच्या टबात दोनतीन तास ठेवायची, थंड करायची, आणि काचेच्या कांडीनं हलक्या हातानं ढवळायची. एका हुशारानं यंत्राचा ढवळ्या लावला होता, सगळे मणी दळून निघाले. मग नाचणीचं सत्त्व काढताना वरचं पाणी जसं हळूच कलतं करून टाकतात, तसं वरचं दुधट पाणी तीनचारदा ओतून टाकायचं. नाहीतर तो गाळ खाली बसतो आणि कॉलम तुंबतो. नळी भरायची ती एका दमात. अर्धी आत्ता, अर्धी जेवून आल्यावर, असं केलंत तर मधे सांधा पडतो. आणि एकदा भरली की तिला सुकू द्यायची नाही. हे मला कोणी शिकवलं नाही. सत्त्व काढताना आईकडे बघितलं होतं तेवढंच.

भरून झालं की मोठ्या कणांचा एक निळा रंग सोडून बघायचा. बांगडीसारखी सरळ आडवी पट्टी खाली उतरली तर कॉलम बरोबर. तिरकी गेली तर उपसा आणि पुन्हा भरा. माझी पट्टी तिरकी गेलेली मला आठवत नाही. कोणाला आठवत असेल तर त्यानं समोर येऊन सांगावं.

खालून थेंब थेंब पडतो तो ओळीनं लावलेल्या परीक्षानळ्यांत धरायचा. नळ्यांना नंबर. आमच्या कॉलमला नवव्या ते बाराव्या नळीत स्टार्च उतरायचा, वीस ते पंचवीसमध्ये साखर. आयोडीनचा थेंब टाकला की स्टार्चची नळी निळी होते. दुसरं एक औषध घालून उकळलं की साखरेची नळी विटकरी होते. संपलं शास्त्र. बाकी सगळा धीर. एका वेळेला पाच तास.

गिऱ्हाइकं एकेक नमुन्याची. एक निवृत्त हेडक्लार्क डबाभर शिजलेला भात घेऊन आले. डॉक्टरांनी साखर बंद केली होती.

"ह्यातली साखर तेवढी काढून द्या. भात मी घेऊन जातो."

मी म्हटलं, "भातात साखर नाही, स्टार्च आहे."

"मग खाऊ शकतो."

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी समजावलं की स्टार्च ही साखरेचीच माळ असते, पोटात गेली की मणी सुटे होतात. गृहस्थ माझ्याकडे रागानं बघत म्हणाले, "तुम्ही मला मारलं असतंत." आणि डबा तिथेच ठेवून गेले. नंतर दरवर्षी दिवाळीला भेटायला यायचे, पण मला काही विचारायचे नाहीत. मॅडमनाच विचारायचे.

बागायतदार यायचे, आंबा झाडावर किती तयार झाला होता यावरून वाद घालायला. कच्च्या आंब्यात स्टार्च भरपूर, अढीत पिकताना त्याची साखर होते. चार चार दिवसांनी तोच आंबा कॉलमवर लावला, तर नववी ते बारावी नळी फिकी होत जाते आणि पुढच्या विटकरी होत जातात. हे बघायला मला फार आवडायचं. पिकलेला आंबा सगळ्यांनीच खाल्लाय, पण नळ्यांत ओळीनं पिकताना फार थोड्यांनी बघितलाय.

आता सुनंदाची गोष्ट.

सुनंदा पूर्णगडची. तिथल्या बारा बायकांचा बचत गट, ती त्याची पुढारी. मे महिन्यात आंब्याचा रस ताटांत वाळवून आंबापोळ्या करायच्या आणि मुंबईला पाठवायच्या. त्या वर्षी एका मोठ्या व्यापाऱ्यानं सगळ्या मोसमाचा माल घेतो म्हणून सांगितलं, पण त्याला शंका, पोळी जाड दिसावी म्हणून ह्या मैदा घालतात. तपासणीचा कागद आणा, मग बोलू. सुनंदा सहा पोळ्या घेऊन आमच्याकडे आली. सहा घरच्या सहा.

पोळीवर नुसतं आयोडीन टाकून कळत नाही. एक तर तिचा रंग, आणि आंब्यातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंगच उडवून टाकतं. म्हणून ती कॉलमवर लावावी लागते, म्हणजे स्टार्च असेल तर तो एकटा आधी बाहेर पडतो. मी पोळ्या कोमट पाण्यात कालवल्या. आंब्याच्या रेषांनी गाळणकागद तुंबतो, म्हणून तो गर मी नेहमी कापडातून गाळत असे. मऊ झालेल्या धोतराचे चौकोन, घरी धुऊन आणलेले. एका नमुन्याला एक चौकोन, सरमिसळ नको. माझी शिस्त.

रोज एक पोळी, सहा दिवस. सहाही पोळ्यांना नववी ते बारावी नळी निळी.

मॅडम कपाळाला आठ्या घालून बघत होत्या. "सहाच्या सहा? काका, कॉलममध्येच काही राहिलं नसेल ना? नुसतं पाणी चालवून बघू या."

मला राग आला. कॉलमवर शंका म्हणजे माझ्यावर. पण चालवलं. वरून स्वच्छ पाणी सोडलं, पाच तास नळ्या धरल्या, आयोडीन टाकलं. एकही नळी निळी झाली नाही. मी नळ्यांची ती सगळी घोडी उचलून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"बघा. माझा कॉलम खोटं बोलत नाही."

मॅडमनी सही केली. सगळ्या सहा नमुन्यांत स्टार्च आढळला.

बुधवारी सुनंदा कागद न्यायला आली. मॅडम बाहेरगावी होत्या, कागद मी दिला. तिनं दोनदा वाचला.

"दादा, ह्या काय झाला? मी रस उभ्यानं आटवून घेतलाय. मैदा आमच्या घरात चपातीलासुदीक येत नाय."

"तुझ्या घरात नसेल. गटात बारा जणी आहेत."

"सहाच्या सहांत आला काय?"

"त्यात आला म्हणजे घातला. नळीला नातीगोती कळत नाहीत, बाई."

असं मी बोललो. ती कागद घडी करून पिशवीत ठेवत म्हणाली, "पोळ्या सुकवायचा काम शेवंतीकडं असता. तिच्याच स्लॅबवर." शेवंती म्हणजे तिची धाकटी जाऊ. एवढंच बोलली आणि गेली. मी तिला थांबवलं नाही. मला वाटलं, सापडला चोर.

गुरुवारी दुपारी दुसऱ्याच कुठल्या कामासाठी आयोडीन ओतत होतो, बाटलीच्या तोंडावरून बोटांवर ओघळलं. जवळ घरून आणलेल्या चौकोनांची चळत होती. वरचा उचलला आणि हात पुसला.

कापडावर माझी चार बोटं उमटली. निळी. काळपट निळी, नवव्या नळीसारखी.

दुसरा चौकोन घेतला. तोही निळा. तिसराही. मग खुर्चीवर बसलो.

झालं होतं ते असं. महिन्याभरापूर्वी आमच्याकडे तपासणीची समिती यायची होती. मी घरी हिला बजावलं होतं, लॅबचं जे जे कापड आहे ते सगळं कडक झालं पाहिजे, माझा युनिफॉर्म, टेबलावरची फडकी, सगळं. आमच्याकडे कडक म्हणजे उकड्या तांदळाच्या पेजेची खळ. हिनं जे सांगितलं ते केलं. माझ्या शर्टाबरोबर गाळायचे चौकोनही पेजेत बुडवले, वाळवले, घड्या घातल्या. मला त्या घड्या बघून बरं वाटलं होतं. खळ म्हणजे स्टार्च हे मी किती पोरांना सांगितलं असेल त्याची गणती नाही. कोमट रस त्या कापडातून गाळला की पेज रसाबरोबर खाली. कॉलम बिचारा बरोबरच सांगत होता. मैदा पोळीत नव्हता. पेज होती, आणि ती माझ्या घरची होती. नुसतं पाणी चालवलं तेव्हा मी ते कापडातून गाळलंच नाही. पाणी कशाला गाळायचं?

लॅबमध्ये त्या वेळी कोणी नव्हतं. मी चौकोन गोळा केले आणि नळाखाली धुतले, पाण्याचा चिकटपणा जाईपर्यंत. धुवून वाळत टाकले. कोणाला काही बोललो नाही. गुरुवारची दुपार गेली. शुक्रवारी मॅडम आल्या, मला काम सांगितलं, मी केलं. मनात म्हणत होतो, व्यापारी मिळेल दुसरा. कागदावर सही माझी नाही. अशी बरीच वाक्यं मनात येतात. सगळी लिहीत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पानावर बसलो आणि जेवण जाईना. ही म्हणाली, "सुरमई तुमच्यासाठी आणली आणि तुम्ही भाताशी खेळताय." मग सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. भांडी आवरता आवरता म्हणाली, "अहो, खळ मी घातली. मी जाऊन सांगू का त्या बाईला?"

ती मला टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती. त्याहून मेलेलं बरं.

शनिवारी सकाळी स्टँडवरून मॅडमना फोन केला. झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी त्यांना सांगून या, काका. माझ्याशी मग बोला."

पूर्णगडला सुनंदाच्या पडवीत चारपाच बायका बसल्या होत्या. पोळ्यांच्या थप्प्या कोपऱ्यात तशाच बांधलेल्या. कागद अजून मुंबईला धाडला नव्हता, पण गटात बोलाचाली झाली होती हे उंबऱ्यातच कळलं. एक बाई सगळ्यांपासून लांब, पडवीच्या पायरीवर कोकमाची सोलं निवडत बसली होती. तिनं वर बघितलं नाही.

मी उभ्यानंच सांगितलं. कापड, पेज, सगळं. आधी कोणाला समजेना. मग सुनंदा म्हणाली, "म्हंजे दादा, मैदा तुमच्या घरातला?"

"मैदा नाही. पेज."

"कसल्या तांदळाची?"

"उकड्या."

"बरी आसल मग," एक म्हातारी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मीही हसलो असतो. पण पायरीवरची ती बाई हसली नाही. तीच शेवंती. सोलांचं सूप बाजूला ठेवून तिनं मला विचारलं, "ह्या तुमाला आज कळला?"

आज कळलं असं म्हणणं सोपं होतं. शनिवारच होता, शनिवारीच आलो होतो. कोण तपासणार होतं?

"नाही. गुरुवारी दुपारी."

"मग काल काय केलात?"

"गप्प बसलो."

"काल ह्या घरात मला काय काय बोलले, ठाव हाय तुमाला?"

मी म्हटलं, नाही. तिनं सांगितलंही नाही. सुनंदा जमिनीकडे बघत होती. मी म्हटलं, पोळ्या पुन्हा लावतो, नवीन कागद देतो. शेवंती म्हणाली, "लावाल तवा मी समोर बसणार. माझी पोळी आधी."

मंगळवारी पहिल्या एसटीनं ती आली. मॅडमनी खुर्ची दिली, ती स्टुलावरच बसली, कॉलमच्या समोर. कापड तिनं स्वतः आणलं होतं, नवं, कोरं. नव्या कापडालाही कांजी असते, म्हणून ते मी तिच्यासमोर तीनदा उकळून धुतलं आणि त्यावर आयोडीनचा थेंब टाकून दाखवला. पिवळाच राहिला. या वेळी एक पाण्याचा नमुनाही त्याच कापडातून गाळून दुसऱ्या कॉलमवर लावला. मॅडमना ते सांगायची वेळ मी आणली नाही.

पाच तास बाई हलली नाही. मधे एकदा विचारलं, "हा थेंब असाच पडत ऱ्हाणार?"

"असाच."

"तुमी अठ्ठावीस वर्सं ह्याच बघताय?"

"हेच."

"मग धीर हाय तुमच्याकडं," ती म्हणाली. "नको तिथं पण हाय."

आठवी नळी भरली, नववी भरली. मी आयोडीनची बाटली तिच्याच हातात दिली. थेंब तिनं टाकले. नववी पिवळी. दहावी पिवळी. अकरावी, बारावी पिवळ्या. मग विसाव्यापासून पुढे उकळून दाखवल्या, एकेक विटकरी होत गेली, नुसता आंबा. बाई त्या रांगेकडे बराच वेळ बघत राहिली. बाकीच्या पाच पोळ्याही पुढच्या पाच दिवसांत तशाच निघाल्या. नवा कागद गेला, माल उचलला गेला. जावांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, आणि विचारायला तोंड नाही. दोघी गटात आहेत एवढं ऐकलं.

पण त्या दिवशीचं राहिलं. मॅडमनी प्रयोगांची मोठी वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "काका, चूक ज्यानं केली त्यानं स्वतः नोंदवायची, असा नियम आहे." इतक्या वर्षांत त्या वहीत मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. मी भरलेले सगळे कॉलम दुसऱ्यांच्या नावानं होते. मी पेन घेतलं आणि लिहिलं की गाळायच्या कापडाला पेजेची खळ होती, म्हणून सहा नमुन्यांत स्टार्च दिसला, आज पुन्हा लावलेल्या पोळीत स्टार्च नाही, चूक माझी. खाली पूर्ण नाव.

शेवंती निघायला उभी राहिली होती. "काय लिवलात ता वाचा," म्हणाली.

मी वाचून दाखवलं.

"दीड दिवस लिवलात नाय."

मॅडम म्हणाल्या, "अहो, त्याचा प्रयोगाशी संबंध नाही."

मी वही पुन्हा जवळ ओढली. चूक गुरुवारी दुपारी कळली, सांगितली शनिवारी सकाळी, असं नावाच्या वर जागा करून लिहिलं. अक्षर दाटीचं झालंय, पण वाचता येतं. शेवंतीनं वाकून त्या ओळीवर बोट ठेवलं, हीच ना म्हणून विचारलं, आणि एसटी चुकेल म्हणून गेली.